पायांच्या वासाबद्दल स्पष्ट सांगणारे मसाज केंद्र

कंबर आणि खांदे आखडतात म्हणून गेले चार महिने मी एका मसाज केंद्रात जाते आहे. तिथल्या हातांत कौशल्य आहेच. पण ग्राहकाच्या अंगाला वास येत असेल तर तो प्रश्न तिथे ज्या रीतीने हाताळतात, त्याबद्दल मला मुद्दाम लिहावेसे वाटते.

आधीच्या ठिकाणी मला कोणी काही बोलले नव्हते. मी पालथी झोपल्यावर खिडकी उघडली गेली, सुगंधी फवारा मारला गेला आणि पायांना हात न लावताच वेळ संपली. त्या न बोलण्यानेच मी फार दुखावले.

इथे वेळ ठरवतानाच, थेट कामावरून येणार असाल तर दहा मिनिटे आधी या, अंघोळीची सोय आहे, असे सगळ्यांना कळवतात. मसाजआधी प्रत्येकाचे पाय कोमट पाण्याने व साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करतात. नियम सर्वांना सारखा असल्यामुळे कोणालाही ओशाळे वाटत नाही.

तिसऱ्या खेपेला मात्र धुऊनही माझ्या पायांचा वास गेला नाही. मसाज करणाऱ्या ताईंनी हात थांबवले, मला उठून बसू दिले, चादर खांद्यावर घेऊ दिली आणि मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "धुतल्यावरही वास राहिला आहे आणि तळव्यांवर बारीक खळगे दिसताहेत. दिवसभर बंद बूट असतात का? एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. आज मी पाय सोडून बाकीचा मसाज करते." त्यांनी रोगाचे नाव घेतले नाही, तो त्यांचा अधिकारही नव्हे, आणि पुढचा मसाज नेहमीच्याच निगुतीने केला. डॉक्टरांनी जिवाणूंचा संसर्ग असल्याचे सांगून लावायला मलम दिले. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, त्वचेवरचे जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा तो येतो, हे मला तेव्हा समजले. इतकी वर्षे मी पावडर आणि अत्तरावर विसंबून होते. काही आठवड्यांत तळवे स्वच्छ झाले आणि ताईंनी पायांचा मसाज पुन्हा सुरू केला.

एक उणीव आहे. न्हाणीघर एकच असल्यामुळे गर्दीच्या वेळी थांबावे लागते आणि तो वेळ मसाजच्या वेळेतून कापला जातो. हे मी त्यांना सांगितले आहे. दोन ग्राहकांमधले अंतर वाढवू, असे त्या म्हणाल्या आहेत.