फोटोतलं हेड डिझेलचं निघालं

आमच्या वडिलांची ॲम्बॅसिडर १९८४ सालची. निपाणीत तंबाखूच्या व्यापारात होते तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांकडे ते याच गाडीनं जायचे. १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ब्लॉक बिडाचा, त्याच्यावर बसणारं झाकण, म्हणजे हेड, तेही बिडाचं. पण हेडच्या पुढच्या टोकावर थर्मोस्टॅटला, म्हणजे इंजिन तापलं की पाणी सोडणाऱ्या झडपेला, झाकणारा जो वाकडा नळीचा तुकडा, एल्बो, असतो, तो ॲल्युमिनियमचा. मुठीएवढी वस्तू. तिच्यापायी माझे एकतीस हजार चारशे रुपये गेले.

चूक आधी आमचीच. रेडिएटरमध्ये कूलंट म्हणून कधी घातलं नाही. बोअरचं पाणी, तेही हाताला येईल त्या घागरीनं. अशा पाण्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम शेजारी राहिले की ॲल्युमिनियम खात जातं, आणि त्याची पांढरी भुकटी स्टड (हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडा) आणि एल्बोचं भोक यांच्यातल्या फटीत फुगून सिमेंटसारखी बसते. तवंदी घाटात गाडी तापायला लागली तेव्हा आमच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट जाम झाल्याचं ओळखलं. तीन नट सुटले, एल्बो मात्र तसूभर हलेना. तो म्हणाला, "माझ्या हातनं मोडलं तर हेडला लागंल. बेळगावला न्या." खरं तर इथंच त्याला म्हणायला हवं होतं, बाबा, आठ दिवस घे, पण तूच कर.

बेळगाव म्हटलं की फाउंड्र्या, लेथ, उद्यमबागची औद्योगिक वसाहत. तिथं काय अडणार? कुणीतरी हायवेलगतचं एक गॅरेज सांगितलं. नाव देत नाही. बाहेर जुन्या गाड्यांचे स्पेशालिस्ट अशी पाटी, आत दोन चकचकीत फियाट उभ्या. मी तिथंच विरघळलो.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "अण्णा, तिन्ही स्टड मोडले. वर हेडला क्रॅक. येऊन बघून जावा."

गेलो. बाकावर एक हेड, त्यावर पांढरी फवारणी, आणि त्या पांढऱ्यातून उमटलेली केसासारखी लाल रेघ. ही तपासणी खरीच असते: लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरं मारायचं, भेगेत शिरलेला रंग बाहेर येतो. मी याबद्दल वाचलेलं होतं, म्हणून तर जास्तच विश्वास बसला. अर्धवट माहितीचा माणूस यांना फार आवडत असावा. मोबाइलवर फोटो काढला, बारा हजार तिथंच पाठवले. कोल्हापूरहून दुसरं हेड येणार होतं. जुनं हेड परत मागितलं तर, "ते भंगारवाल्याला दिलं की वो."

हिशेब साध्या चिठ्ठीवर: हेड १६,५००, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) ३,२००, वेल्डिंग-फेसिंग ४,५००, मजुरी ७,२००. पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के जादा, असं म्हणाल्यावर मीच नको म्हटलं. दुसरं हेड बसवलं तर वेल्डिंग कशाचं केलं, हा प्रश्न मला परतताना वंटमुरी घाट ओलांडल्यावर सुचला.

पण तापमानाचा काटा खाली होता! घाट चढतानाही वर जाईना. एल्बो चंदेरी रंगात झळकत होता. घरी बेळगावची मिठाई, कुंदा, घेऊन गेलो. पुढं पेट्रोल जास्त लागतंय हे जाणवलं, तरी जुनी गाडी म्हणून सोडून दिलं. सहा आठवड्यांनी तवंदीलाच बॉनेटमधून वाफ आली.

या वेळी गाडी पिकअपवर घालून बेळगावच्याच शहापुरातल्या एका म्हाताऱ्या लेथवाल्या मामांकडं नेली. मामांनी आधी गाडीकडं पाहिलंच नाही. मी दाखवलेला फोटो चष्मा वर करून बघितला आणि म्हणाले, "सावकार, हे तुमचं हेड नव्हे. डिझेल फवारायच्या नोझलचं भोक दिसूलालंय न्हवं? हे डिझेल ॲम्बॅसिडरचं हाय. तुमची पेट्रोलची."

मी गप्प.

मग त्यांनी बॉनेट उघडलं आणि हेडच्या नटांवर बॅटरी मारली. वडिलांनी कधीकाळी इंजिनला मारलेला रंग नट आणि वॉशरच्या सांध्यावरून सलग गेला होता, एका कोपऱ्यालाही टवका नाही. पाना लागला की रंग उडतोच. म्हणजे माझं हेड उतरलंच नव्हतं. एल्बोवर त्यांनी स्क्रूड्रायव्हर खरवडला: चंदेरी रंगाखाली छिन्नीनं फोडलेला कान, त्यात एम-सील भरलेलं. एक स्टड मोडलेला, त्यावर नट चक्क चिकटवलेला. बाकी दोन शाबूत. होज पाईप काढून वरूनच सळी घालून थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह फोडून टाकलेला. पाणी सतत फिरत होतं, इंजिन धड तापतच नव्हतं. मी कुंदा आणला तो त्या खाली बसलेल्या काट्यासाठी. वॉटर बॉडीही जुनीच, फक्त रंगवलेली.

मामांची पद्धत लिहून ठेवतो, कारण फसवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: कसं काढणार? चार दिवस स्टडच्या बुडात गंज सोडवायचं तेल सोडत राहिले. मग ज्योत एल्बोवर धरली, स्टडवर नाही. ॲल्युमिनियम बिडापेक्षा साधारण दुपटीनं फुगतं, भोक सैल होतं. लाकडी हातोडीनं हलके टोले. तरी एक कान सुटेना, तेव्हा हॅक्सॉनं कडेपासून स्टडपर्यंत चीर घेतली आणि छिन्नी घालून तो उकलला. "एल्बो बाजारात मिळतो, हेड कुठनं आणशीला?" मोडक्या स्टडच्या थुटक्यावर नट वेल्ड करून गरम असतानाच तो फिरवून काढला. नवा एल्बो, नवा थर्मोस्टॅट. बसवण्याआधी तो दोऱ्यानं बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, उकळी यायच्या आत उघडतो का ते मला दाखवलं. कूलंटसकट ३,८५०. जुना एल्बो तुकड्यांसकट पिशवीत घालून हातात दिला, मी मागायच्या आत.

त्या गॅरेजात परत गेलो. फोटो पाहून मालक आधी हसला, मग पोरगं चुकलं म्हणाला, मग चार हजार दिले. उरलेल्यासाठी फोन उचलत नाही. ग्राहक आयोगाकडं जायचं तर हातात ती चिठ्ठी आणि यूपीआयची एक नोंद. वकिलांनी अर्ज तयार केलाय, बघू.

मी निघालो तेव्हा ते हेड त्याच बाकावर होतं. त्याच्या डाव्या कोपऱ्यावर पिवळ्या खडूनं ७ लिहिलंय, खालच्या कडेला एक टवका उडालाय. तुम्हाला कुणी दाखवलं, तर ते माझंही नव्हतं आणि तुमचंही नाही.