लेव्हेटिरासिटॅम सोडून लॅमोट्रिजिन: काही महिन्यांचा अनुभव

लेव्हेटिरासिटॅमने माझ्या फिट थांबवल्या, त्यात वाद नाही. सकाळी १००० मिलिग्रॅम, रात्री १०००, आणि बराच काळ एकही झटका नाही. तरी औषध बदलावं लागलं, कारण घरातले माझ्याशी बोलताना बिचकायला लागले होते. पलंगावर ओला टॉवेल दिसला तरी माझा आवाज जिन्यापर्यंत जायचा, आणि थोड्या वेळाने मलाच प्रश्न पडायचा की एवढं बिनसलं काय होतं? चिडचिड, आक्रमकपणा, नैराश्य हे दुष्परिणाम शंभरात एक ते दहा जणांना होऊ शकतात, असं माहितीपत्रकातच आहे. पण फिट येत नाहीत म्हटलं की तपासणी तिथेच आटोपते. नवरा सोबत आला आणि त्याने तोंड उघडलं, तेव्हा कुठे विषय निघाला. स्वभाव बदललाय हे आपल्याआधी घरच्यांना दिसतं, त्यामुळे अशा भेटीला कोणाला तरी घेऊनच जा.

लॅमोट्रिजिन अगदी सावकाश चढवतात. पहिले दोन आठवडे रोज २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन आठवडे ५०, मग टप्प्याटप्प्याने वर. सोबत व्हॅल्प्रोएट हे फिटचंच दुसरं औषध चालू असेल तर सुरुवात एक दिवसाआड २५ ने होते, कारण व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरात जास्त वेळ टिकतं. कार्बामाझेपिन (हेही फिटचंच औषध) असेल तर उलट, लॅमोट्रिजिन लवकर निघून जातं. तेव्हा दुसऱ्याच्या कागदावरचा डोस आपल्याला लागू होत नाही.

ही सावधगिरी अंगावर येणाऱ्या पुरळासाठी. साधारण दहातल्या एकाला काही ना काही रॅश येतो. बहुतेकांचा साधाच असतो, पण क्वचित त्यातूनच स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोमसारखा जीवघेणा प्रकार उद्भवतो, आणि धोका मुख्यतः पहिल्या आठ आठवड्यांत. घाईने डोस वाढवला तर तो वाढतो. ताप, तोंडात फोड, डोळे लाल, त्वचा सोलणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, असं मला बजावलं होतं. मी रोज आंघोळीनंतर आरशासमोर पाठ तपासायचे. डास चावला तरी धस्स व्हायचं.

खरा त्रास झाला तो दोन्ही औषधं एकत्र चालू असताना. नवं औषध पुरेशा डोसला पोचेपर्यंत जुनं पूर्ण चालू ठेवतात, म्हणजे गरगरलं तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग नाही. मी वहीत गोळीची वेळ आणि त्रासाची वेळ शेजारी-शेजारी लिहायला लागले, आणि त्यातूनच उलगडा झाला. लॅमोट्रिजिन घेतल्यावर दोन-अडीच तासांनी टीव्हीखालची अक्षरं दोन-दोन दिसायची, तासाभरात परत एक व्हायची. औषधाची रक्तातली पातळी साधारण त्याच सुमारास सर्वांत वर असते. वही दाखवल्यावर डॉक्टरांनी एकरकमी डोस दोन वेळांत विभागला आणि ते थांबलं. नुसतं ‘चक्कर येते’ म्हणून गेले असते तर कदाचित डोसच कमी झाला असता.

लेव्हेटिरासिटॅम उतरवताना शेवटच्या टप्प्याला डाव्या हातात ती ओळखीची मुंग्यांची लाट येऊन गेली. पूर्ण फिट नव्हती, पण उतरवणं तिथेच थांबवून लॅमोट्रिजिन आधी थोडं वाढवलं. हे वेळापत्रक डॉक्टरांचंच असतं. जुनी गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद केली तर फिट उसळून येऊ शकतात, कधी एकापाठोपाठ एक, न थांबता.

राग मात्र जुना डोस निम्म्यावर आला तेव्हापासूनच ओसरायला लागला. नवऱ्याने तो माझ्याआधी टिपला. त्याऐवजी झोप कच्ची झाली आणि स्वप्नं इतकी ठसठशीत पडायला लागली की सकाळी ती खरी नाहीत हे स्वतःला समजवावं लागायचं. संध्याकाळची गोळी लवकर घ्यायला लागल्यावर (हेही विचारूनच) फरक पडला. डोकेदुखी अधूनमधून असते, चालवून घेते.

बायकांसाठी एक गोष्ट, जी मला कोणी आपणहून सांगितली नाही: इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, आणि गरोदरपणातही ती घसरते. या गोळ्या सुरू किंवा बंद करणार असाल तर न्यूरॉलॉजिस्टला आधी कळवा. आणि लॅमोट्रिजिन सलग काही दिवस चुकलं तर थेट जुन्या डोसवर परतायचं नाही, फोन करायचा. बऱ्याचदा पुन्हा २५ पासूनच चढावं लागतं. माझं गाडी चालवणं अजून बंद आहे, ते त्या मुंग्यांमुळे. पुढच्या तपासणीत विचारणार आहे.