टायर इन्फ्लेटर, आठ महिन्यांनंतर: वायर एक वीत कमीच

लायटरच्या सॉकेटवर चालणारं, हवेचा आकडा लावला की आपोआप बंद होणारं हे टायरमध्ये हवा भरायचं मशीन २०२५च्या मार्चमध्ये १,८९९ रुपयांना घेतलं. कारण सांगायला लाज कसली? घोडबंदर रोडवर पंपावरची हवा फुकट, पण चारही टायर झाले की पोरगा खिडकीशी उभा राहतो. पंधरवड्याला वीस रुपये. चार वर्षांच्या आत पैसे वसूल, असा हिशेब बायकोला ऐकवला होता.

पहिल्या महिन्यात तीन तारे दिले होते. तक्रार एकच, वायर. खोक्यावर ३ मीटर लिहिलंय. शिवणाच्या टेपने मोजली, भरली तेवढीच. पण गिअरपाशी खोचून, दारातून काढून मागच्या डाव्या टायरपर्यंत नेली की एक वीत कमी पडते. व्हॉल्व्ह खाली आणि पुढच्या बाजूला आला तरच जमतं. म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी गाडी अर्धा फूट पुढे, अर्धा फूट मागे करणार आणि बायको टायरपाशी उभी राहून म्हणणार, "अहो, अजून थोडी." वॉचमनला वाटतं मी गाडी शिकतोय.

दिवाळीत कारंजा लाडला सासुरवाडीला निघालो. जूनमध्ये इगतपुरी ते आमणे टप्पा खुला झाल्यापासून ठाण्याहून भिवंडी ओलांडली की थेट समृद्धी. सिंदखेडराजाच्या पुढे गाडी मागून डुलायला लागली. मागचा डावाच, दुसरा कुठला असणार! कडेच्या पट्ट्यावर घेतली, लाल त्रिकोण मागे लांब ठेवला, मुलांना रेलिंगपलीकडे पाठवलं. शेजारून १२०ने गाड्या जातात तेव्हा आपली उभी गाडी थरथरते. आणि त्या रस्त्यावर पंक्चरवाला टपरी टाकून बसलेला नसतो.

टायरमध्ये स्क्रू, हवा ३३च्या जागी ९. आधी हाव सुटली, की भरून पुढच्या एक्झिटपर्यंत रेटू. व्हॉल्व्ह नेमका वर आणि मागे. बसलेल्या टायरवरच गाडी अर्धा चाक सरकवली, जीव वर-खाली होत होता. पाच मिनिटं हवा भरली, स्क्रूशेजारून सूं ऐकू आलं, नाद सोडला.

चकली-अनारशांचे डबे खाली ठेवून स्टेपनी काढली. तिच्यात १२! आठ महिन्यांत तिला हवा दाखवली नव्हती, कारण वायर डिकीपर्यंत पोचत नाही. "आणि तुम्हाला कंटाळा," असं रेलिंगपलीकडून ऐकू आलं. बरं, तेही.

स्टेपनी पुढच्या दारापाशी आडवी टाकली. तिथे वायर उरत होती! २६ला मशीन गप्प. जळलं. मनातल्या मनात एक तारा देऊन मोकळा झालो. बायकोने येऊन त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर खुपसला, फोन चार्ज व्हायला लागला. म्हणजे गाडीचा फ्यूज शाबूत. मग प्लगच्या टोकाची कडी पिळून काढली. आतून काचेची बारीक नळी निघाली, मधली तार तुटलेली. आणि पाउचमध्ये, फुटबॉलच्या सुईखाली, एका पुडीत जादा फ्यूज! ती पुडी मी इतके महिने सिलिका जेल समजत होतो. फ्यूज बसवला, ३३ भरली, टक् करून बंद. स्टेपनी मूळ टायरपेक्षा बारीक, त्यामुळे कारंजापर्यंत ८०च्या आतच आलो.

ठाण्यात परतल्यावर कस्टमर केअरला फोन लावला. फ्यूज का उडाला? "सर, सलग दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवलंत का?" टायर आणि स्टेपनी मिळून दहाच्या वर गेली असणार. मॅन्युअल उघडलं, तसं लिहिलेलं आहे. मुद्दा त्यांचा. पण वायरीचं काय? "सर, स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे." लांब वायर पैसे घेऊन द्या म्हटलं, तर तीही नाही. मग स्टेशनजवळून २५०चं एक्स्टेंशन आणलं. १० अँपिअर ओढणारं मशीन आणि धाग्यासारखी तार. पहिल्याच टायरला हाताला गरम लागली. परत केलं तर दुकानदाराने २००च टेकवले. ते पन्नास मी मशीनच्या खात्यावर मांडलेत.

आता चार तारे देतोय. तो जादा फ्यूज ज्याने पुडीत टाकला त्याच्यासाठी एक वाढवला. पाचवा वायरीने खाल्ला. पुडीत दोन नवे फ्यूज ठेवलेत, स्टेपनी महिन्यातून एकदा बाहेर निघते. मागच्या डाव्या टायरला मात्र अजूनही, "अहो, अजून थोडी."