चेहऱ्यावरचे केस ‘कायमचे’ काढण्यासाठी मोजलेले ५१,६८० रुपये

आधी हिशेब मांडते, म्हणजे पुढचे वाचताना माझा संताप कशाचा आहे हे कळेल. नोंदणी आणि ‘त्वचा-विश्लेषण’ या नावाखाली १,१८० रुपये. हनुवटी, वरचा ओठ आणि कानांजवळचे कल्ले यांच्या लेझरचे पॅकेज ४२,००० रुपये. रात्री लावायच्या क्रीमच्या दोन डब्या, प्रत्येकी २,४५० रुपये. ‘हार्मोन बॅलन्स’ नावाच्या पावडरचा डबा ३,६०० रुपये. एकूण ५१,६८० रुपये झाले आणि त्या बदल्यात मला हनुवटीखाली दोन काळपट चट्टे मिळाले, शिवाय जबड्याच्या कडेला जिथे पूर्वी नुसती लव होती तिथे राठ केस आले. क्लिनिक छत्रपती संभाजीनगरातले होते. त्याचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार प्रलंबित आहे आणि परिचयाच्या एका वकिलांनी तसे बजावले आहे. मात्र ही रीत एकाच क्लिनिकची नाही, त्यामुळे लातूर, नांदेड, बीड, परभणी अशा कुठल्याही शहरातल्या मुलीला ती नावावाचूनही ओळखू येईल.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूची आहे. बी.एस्सी. झाले आहे, घरातले सगळे ऑनलाइन व्यवहार मीच बघते, वडिलांचा पीक विम्याचा अर्जसुद्धा दरवर्षी मीच भरते. हे सांगण्याचे कारण एवढेच की ‘शिकलीसवरलेली असून कशी फसली’ हे वाक्य मला इतक्यांनी ऐकवले आहे की आता त्याचे उत्तर लिहूनच ठेवावेसे वाटते. ज्या मुलीला अकरावी-बारावीपासून वर्गात ‘मिशीवाली’ म्हणून हाक मारली जाते, जी उन्हाळा असो वा नसो चेहऱ्यावर स्कार्फ बांधूनच बाहेर पडते, जिच्या हनुवटीला मावशी, आत्या, शेजारीण अशा सगळ्यांनी डाळीचे पीठ आणि हळद लावून पाहिली आहे, तिच्या शिक्षणाचा या बाबतीत काहीही उपयोग होत नाही. थ्रेडिंग केले की चौथ्या दिवशी खुंट टोचू लागत. ब्लीचने केस सोनेरी होत आणि उन्हात उलट जास्तच दिसत. दिवाळीनंतर घरात स्थळांची बोलणी सुरू झाली आणि वहिनीने, अगदी मायेने, सांगितले की मुलाकडच्या बायका जवळ बसून बघतात. त्याच आठवड्यात फोनवर ती जाहिरात आली. ‘कायमस्वरूपी’, ‘वेदनारहित’, ‘फक्त रविवारपर्यंत ५० टक्के सवलत’, आधीचा चेहरा आणि नंतरचा चेहरा, हे सारे तुम्ही पाहिलेले आहे, त्यामुळे ते पुन्हा वर्णन करत नाही.

जे वर्णन करायलाच हवे ते आतल्या खोलीचे. पांढरा कोट घातलेल्या बाईंना स्वागतकक्षातल्या मुली ‘डॉक्टर मॅडम’ म्हणत होत्या. भिंतीवर चौकटीत लावलेली प्रमाणपत्रे होती, पण त्यांच्यावर वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक नव्हता, ती सगळी ‘कॉस्मेटॉलॉजी’च्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांची होती. मॅडमनी पेनासारखा एक कॅमेरा माझ्या हनुवटीवर टेकवला आणि समोरच्या टीव्हीवर माझी हनुवटी खिडकीएवढी दिसू लागली. एकेक केस बोटाएवढा जाड. सोबत आलेली मैत्रीण नजर चुकवून भिंतीकडे पाहू लागली. मॅडमनी मला विचारले, “लग्न ठरलंय की बघताय?” आणि मी ‘बघतोय’ म्हणताच त्या म्हणाल्या, “मग तर वेळच नाही आपल्याकडे.”

त्यांनी लग्नाचे विचारले. पाळी नियमित येते का, हे विचारले नाही. वजन अलीकडे वाढले का, केस गळतात का, घरात कुणाला थायरॉइड किंवा मधुमेह आहे का, कोणती गोळी चालू आहे का, यांतले काहीही विचारले नाही. मी या प्रश्नापाशी आजही रात्री अडकते. तरुण मुलीच्या हनुवटीवर राठ केस वाढत असतील तर पहिला प्रश्न पाळीचा असतो, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते, पण पांढरा कोट घालून पैसे घेणाऱ्या बाईला ठाऊक असायला नको होते का? माझी पाळी दोन-दोन महिने लांबत होती. कुणी विचारले असते तर मी सांगितले असते.

दुसरी खूण त्याहून ठळक होती. पहिल्या सिटिंगला एका मुलीने मला खुर्चीवर आडवे केले, दोरा काढला आणि हनुवटीचे थ्रेडिंग करून टाकले. त्यानंतर जेल लावून मशीन फिरवले. मी आदल्या रात्रीच वाचले होते की लेझरच्या आधी केस वस्तऱ्याने उतरवायचे असतात, मुळासकट उपटायचे नसतात, कारण केसातले काळे रंगद्रव्य लेझरचा प्रकाश शोषून तापते आणि ती उष्णता त्या वाटेनेच मुळापर्यंत पोहोचते. मूळच ओढून काढले तर उष्णता पकडायला आत काही उरत नाही. मी तसे विचारलेही. ती म्हणाली, “ताई, ते जुन्या मशीनचं असतं. आपलं जर्मन आहे.” माझ्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा नव्हता, कापसाचे दोन गोळे ठेवले होते. तिच्या स्वतःच्या डोळ्यांवरही काही नव्हते, प्रत्येक चमकाऱ्याला ती मान वळवत होती. तिने मान वळवलेली मी बोटांच्या फटीतून पाहिली आणि तरीही पडून राहिले, कारण तोवर माझ्या नावावर कर्ज झालेले होते.

त्या कर्जाचेही सांगते. पॅकेज ३६,००० रुपयांचे, हप्ता ३,००० रुपयांचा, व्याज शून्य, असे तोंडी सांगितले गेले. नोंदणीसाठी म्हणून आधार आणि पॅन घेतले, सेल्फी काढायला लावली, माझा फोन स्वागतकक्षातल्या मुलीने हातात घेतला आणि आलेला ओटीपी मला वाचायला सांगितला. घरी पोहोचल्यावर संदेश आला की माझे ४२,००० रुपयांचे कर्ज मंजूर झाले असून ३,५०० रुपयांचे १२ हप्ते दर महिन्याच्या ५ तारखेला कापले जातील. रक्कम थेट क्लिनिकच्या खात्यात गेली होती. विचारले तेव्हा वरचे ६,००० रुपये ‘टॅक्स आणि फाइल चार्ज’ असल्याचे उत्तर मिळाले. कोणत्याही ‘शून्य व्याज’ योजनेत हप्ता गुणिले महिने हा गुणाकार ओटीपी सांगण्याआधी स्वतः करावा आणि फोन कुणाच्याही हातात देऊ नये. कर्ज देणाऱ्या कंपनीने एकूण खर्च, व्याजदर आणि हप्ते दाखवणारे पत्रक आधी देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. डिजिटल कर्जात सुरुवातीची ठरावीक मुदत अशीही असते की तिच्यात दंड न भरता मुद्दल आणि तेवढ्या दिवसांपुरता कर्जाचा खर्च देऊन बाहेर पडता येते. मला हे कुणी सांगितले नाही, आणि कळले तेव्हा ती मुदत संपलेली होती.

पुढे जे व्हायचे ते झाले. दुसऱ्या-तिसऱ्या सिटिंगनंतर हनुवटीखाली भाजले, खपली धरली. “नॉर्मल आहे, आतला रंग बाहेर येतोय,” असे सांगून पांढऱ्या डबीतली क्रीम दिली. डबीवर कंपनीचे नाव नव्हते, बॅच नव्हती, तारीख नव्हती. आठवडाभरात चेहरा उजळला आणि मी, खरे सांगते, खूश झाले. क्रीम थांबवली की चेहरा लाल होऊन चुरचुरायचा, म्हणून दुसरी डबी घेतली. सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून आईने बाजूला ठेवलेले पैसे त्या डब्यांत आणि त्या पावडरीत गेले. मग एके दिवशी फोन लागेना. तिथे जाऊन पाहिले तर शटर खाली होते आणि बोर्डाच्या जागी फक्त चार खिळे होते.

नंतर संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात गेले. खऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न पाळीचा होता. टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर अशा रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी झाली आणि पीसीओएसचे, म्हणजे पाळी लांबवणाऱ्या आणि चेहऱ्यावर केस आणणाऱ्या हार्मोनच्या विकाराचे, निदान झाले. मशीनचा मी काढलेला फोटो पाहून ते लेझर नसून आयपीएल म्हणजे झगमगीत प्रकाशाचे यंत्र वाटते, असे त्यांनी सांगितले. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य जास्त असल्याने चुकीच्या मात्रेचा प्रकाश केसाऐवजी कातडी भाजतो. अशा त्वचेला १०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित समजले जाते, तेही जाणकार हातात. हार्मोनचा बिघाड तसाच ठेवून लेझर केले तर केस पुन्हा येतात आणि काही जणींना, विशेषतः चेहऱ्यावर आणि मानेवर, कडेचे केस उलट वाढतात. माझे वाढले. क्रीममध्ये स्टेरॉइड असावे असा त्यांचा अंदाज आहे, आणि स्टेरॉइडने कातडी पातळ होते, पुरळ उठते, वर चेहऱ्यावर केसही येतात. म्हणजे केस घालवण्यासाठी मी २,४५० रुपये देऊन केस वाढवणारे औषध चोपडत होते.

लेझरसाठी ‘कायमचे’ हा शब्द जिथे दिसेल तिथून उठून या. लेझरने केस कमी होतात, विरळ होतात, अधूनमधून पुन्हा सिटिंग घ्यावे लागते. एकेका केसाचे मूळ विजेने जाळणारे इलेक्ट्रॉलिसिस कायमचे मानले जाते, पण ते वेळखाऊ आहे. एफ्लॉर्निथिनची क्रीम वाढ मंद करते, केस काढत नाही. पीसीओएसच्या गोळ्यांचा चेहऱ्यावर फरक दिसायला सहा महिने तरी लागतात आणि त्यांतल्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत, म्हणून त्या मैत्रिणीच्या चिठ्ठीवर घेऊ नयेत. आणि हेही ऐका, वस्तऱ्याने केस जाड होतात ही निव्वळ समजूत आहे. कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्याने तो राठ लागतो, एवढेच. किराणा दुकानात मिळणारा फेस रेझर मला आयुष्यभर निषिद्ध सांगितला गेला आणि ४२,००० रुपयांच्या भाजण्याला मात्र घरच्यांनी हसत परवानगी दिली.

आता यंत्रणेविषयी. गावच्या पोलीस ठाण्यात सांगितले गेले की घटना संभाजीनगरात घडली, तिथे जा. तिथल्या एका ठाण्यात सांगितले गेले की कर्ज फोनवर झाले आहे, सायबरकडे जा. सायबरकडे सांगितले गेले की ओटीपी तुम्हीच दिला, म्हणजे हा दिवाणी वाद आहे. एका हवालदाराने शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “केस काढायला गेलात आणि आता केस करायला आलात होय?” आणि दोघे हसले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. हे मी छापून नेले होते. तो कागद उलटा करून त्यावर चहाचा कप ठेवला गेला. डॉक्टरांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने कळवले की ती बाई नोंदणीकृत डॉक्टर नाही, म्हणून तिच्यावर आमचा अधिकार चालत नाही. आरोग्य विभागाच्या एका कार्यालयाने विचारले की ती डॉक्टर नव्हती तर तुम्ही गेलात कशाला. औषधांच्या कार्यालयाला डबीवर लेबल नसल्यामुळे उत्पादक कोण हे कळत नाही, आणि लेबल नसणे हाच गुन्हा असू शकतो हे त्यांना सुचत नाही. कर्ज देणारी कंपनी म्हणते की सेवेचा वाद तुम्ही आणि क्लिनिक यांनी मिटवावा, हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल. वडिलांच्या पीककर्जाच्या वेळी बँकेत माझ्या नावावर डाग नको, म्हणून मी हप्ते भरते आहे. २४,५०० रुपये गेले, १७,५०० जायचे आहेत.

या सगळ्यांना आणि त्या बाईलाही एक गोष्ट पक्की माहीत आहे, ती म्हणजे हनुवटीच्या केसांची तक्रार घेऊन कोणतीही मुलगी चार लोकांसमोर उभी राहणार नाही. हा धंदा मशीनवर नव्हे, या खात्रीवर चालतो. माझ्या घरीही पहिली प्रतिक्रिया ‘स्थळांच्या कानावर जायला नको’ हीच होती.

जिथे थोडे तरी ऐकले गेले ती वाट सांगते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार क्रमांक मिळतो, तो पुढे कामाला येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगात दाखल करता येते, म्हणजे सेलूच्या मुलीला संभाजीनगरला खेटे घालण्याची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे. कर्जाबाबत आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा टोलवाटोलवी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. मी दोन्हीकडे अर्ज केले आहेत. पैसे फोनवरून परस्पर गेले असतील तर १९३० वर पहिल्या काही तासांत फोन करावा, नंतर रक्कम गोठवणे अवघड होते.

एकसारखीच तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. त्या शटरसमोर मला आणखी दोघी भेटल्या, एक जालन्याची आणि एक गंगाखेडची. दोघींनीही पावत्या फाडून टाकल्या होत्या, घरी सापडतील म्हणून. कृपा करून पावती फाडू नका, रिकामी डबी टाकू नका, भाजलेल्या जागेचे फोटो तारखेसह ठेवा आणि खऱ्या डॉक्टरांच्या केसपेपरवर ‘भाजल्याच्या खुणा’ असे लिहून घ्या. जालन्याच्या मुलीच्या फोनमध्ये क्लिनिकला पाठवलेल्या पैशांची नोंद सापडली आहे. ती पुढच्या सोमवारी माझ्यासोबत अर्जावर सही करणार आहे.