वनखात्याची वर्दी की वन्यजीव संशोधन? सातपुड्यातल्या पोरापोरींसाठी

बीएस्सी झालं की चोपडा, रावेर, शहाद्याकडची पोरं-पोरी हमखास विचारतात: काम जंगलातच करायचंय, पण वनखात्यात जाऊ की संशोधनात? जंगल दोन्हीकडे तेच, रोजचा दिवस मात्र साफ वेगळा. निवड त्या दिवसावरून करा.

वनरक्षकाला बारावी पुरते. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला दहावीवरही अर्ज करता येतो. मुलांनी ५ किमी ३० मिनिटांत, मुलींनी ३ किमी २५ मिनिटांत धावायचं. मूळ वेतन २१,७०० रुपयांपासून. भरती वनवृत्तानुसार होते, म्हणजे धुळे वृत्तात लागलात तर खान्देशातच राहाल. एमपीएससीतून आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) किंवा एसीएफ (सहायक वनसंरक्षक) झालात, तर बदली गडचिरोलीलाही होऊ शकते, ही तयारी घरच्यांचीही हवी.

काम म्हणजे बीट, म्हणजे आपल्या वाट्याचा जंगलाचा पट्टा, पायी फिरणं, तोड आणि अतिक्रमणावर नजर, पंचनामे. यावल अभयारण्य १९६९ पासून आहे, पण कागदावरची हद्द रोज राखावी लागते ती माणसांशी बोलूनच. मार्चमध्ये मोह गळायला लागला की पहाटे झाडाखालचा पाला पेटवला जातो, कारण फुलं वेचायला जमीन साफ हवी. ठिणगी उडते आणि अख्खा डोंगर पेटतो. मग जाळरेषेवर, म्हणजे आग अडवायला आधीच साफ केलेल्या पट्ट्यावर, उभं राहून ओल्या फांद्यांनी आग झोडपायची, भुवया होरपळेपर्यंत. ती पेटवणारी बाई जंगलाची वैरीण नाही. तिच्याशी पावरीत, पावरा आदिवासींच्या बोलीत, बोलून पाला आधीच झाडून घेतलात, तर आगही लागत नाही आणि गुन्हाही नोंदवावा लागत नाही. मला या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं.

संशोधनाकडे जायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथे वन्यजीवशास्त्रात एमएस्सी होते. जागा मोजक्या, चुरस देशभरातली. पुढे बहुतेक कामं प्रकल्पापुरती; प्रकल्प संपला की पगारही थांबतो. तरीही या वाटेची ओढ मी समजू शकतो. १८८४ नंतर खात्रीने कुणालाच न सापडलेला रानपिंगळा नोव्हेंबर १९९७ मध्ये परत दिसला, तो आपल्या शहाद्याजवळ! घुबडाच्या जातीचा असून भरदिवसा सागाच्या निष्पर्ण फांदीवर बसतो, शेपटी डावी-उजवीकडे झटकत. तो कुठे घरटं करतो, काय खातो, साग तोडला तर कुठे जातो, हे कळायला कुणीतरी तासन् तास दुर्बीण लावून बसावं लागतं. ते बसणारं माणूस अहिराणी-पावरी बोलणारं असलं, तर पाड्यावरचे म्हातारे त्याला जे सांगतील ते बाहेरच्याला कधीच सांगणार नाहीत.

घरी शेती कोरडवाहू आणि धाकटी भावंडं शिकत असतील, तर मी आधी वर्दीच घ्या म्हणेन. आरएफओ झाल्यावर डेहराडूनच्याच संस्थेत वन्यजीव व्यवस्थापनाचा ३ महिन्यांचा अभ्यासक्रम करता येतो. उलटी वाट अवघड, वयाची अट आड येते. पण घरचे दोन-चार वर्षं थांबू शकत असतील आणि एका पक्ष्यामागे महिनाभर फिरून तुम्हाला कंटाळा येत नसेल, तर एमएस्सीच करा.

अजून ठरत नसेल, तर एप्रिलमध्ये ओळखीच्या वनरक्षकासोबत एक अख्खा दिवस बीट फिरा. आणि बुद्धपौर्णिमेची रात्र पाणवठ्यावरच्या मचाणावर, हलता-बोलता न येता, वही घेऊन प्राणी मोजत काढा.