टेन्स यंत्र : मज्जारज्जूच्या दुखण्यात कुठे चालते, कुठे नाही

मज्जारज्जूला छातीच्या दहाव्या मणक्यापाशी इजा झाल्यापासून माझ्या वाट्याला तीन निराळी दुखणी आली आहेत : व्हीलचेअर ढकलून भरून येणारे खांदे, बेंबीच्या पातळीवर पट्टा करकचून आवळल्यासारखी वेदना आणि स्पर्श न कळणाऱ्या पायांत रात्री उसळणारी आग. हिवाळ्यात घेतलेल्या टेन्स यंत्राने, म्हणजे त्वचेवर पॅड चिकटवून सौम्य विजेने वेदना शमवणाऱ्या छोट्या यंत्राने, सोलापूरचा उन्हाळाही पाहिला आहे, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही.

खांद्यांना त्याचा निश्चित उपयोग होतो. ८० ते १०० हर्ट्झवर अर्धा तास ठेवले की ठणका उतरतो आणि यंत्र काढल्यावरही काही वेळ बरे वाटते. सौम्य विद्युत्स्पंदनांनी वेदनेचा निरोप मज्जारज्जूतच अडतो, असे त्यामागचे तत्त्व असून ते वेदनेचे अभ्यासक मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तावर आधारलेले आहे. पोटाभोवतीच्या वेदनेसाठी पॅड जिथे संवेदना शाबूत आहे अशा वरच्या भागावर लावतो. तिथे गुण येतो, पण रोज नाही.

पायांच्या आगीवर मात्र मला काडीचाही फरक पडला नाही. विक्रेत्याच्या पत्रकातल्या चित्रात पॅड खुशाल पोटरीवर दाखवले आहेत. बधिर त्वचेवर प्रवाह किती झाला हे कळतच नाही आणि कातडी भाजू शकते, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. ही आग सध्या प्रीगॅबालिन या मज्जातंतूंच्या वेदनेवरील गोळीने आटोक्यात आहे. सकाळी गुंगी राहते, पण ते मनाने एकाएकी बंद करायचे औषध नव्हे. आग अचानक भडकली, तर गोळी वाढवण्याच्या गोष्टी करण्याआधी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, बैठकीवर उमटू लागलेला व्रण, इतकेच काय, बोटात रुतलेले नखही तपासावे लागते. दुखणे बऱ्याचदा तिथून पेटते.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की घामाने पॅडच्या कडा सुटतात. ओल्या पंचाने त्वचा पुसून, पूर्ण कोरडी करून, पंख्याखालीच पॅड लावावे. पेसमेकर असल्यास हे यंत्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पॅडचा चिकटपणा यंत्राच्या कितीतरी आधी संपतो, तेव्हा घेतानाच त्याची पिन सर्रास मिळणाऱ्या पॅडला बसते ना, हे दुकानात लावून पाहावे.