झुलीखाली आयाळ घासते? लायक्राचा शोल्डर गार्ड आणि सॅटिनचं अस्तर, दोन्ही वापरून झालं

ज्यांच्याकडे घोडा आहे आणि जे त्याला झूल घालतात त्यांना हे सांगायला नको, मानेच्या मुळाशी, विदर्सच्या (दोन खांद्यांच्या मधला पाठीवरचा हाडाचा उंचवटा) जरा पुढे आयाळ हळूहळू विरळ व्हायला लागते आणि लक्षात येईपर्यंत तिथे टूथब्रशसारखे आखूड उभे केस उरलेले असतात. आमची बिजली रेसमधून रिटायर झालेली थरोब्रेड घोडी, विदर्स उंच आणि खांदे अरुंद, त्यामुळे रेडिमेड झूल तिच्या अंगावर मागे सरकतेच आणि मागे सरकली की गळ्याची कड बरोब्बर आयाळीच्या मुळावर येऊन बसते. आयाळ वाढते किती, तर महिन्याला जेमतेम अर्धा-पाऊण इंच. म्हणजे एका सीझनमध्ये घासून गेलेली आयाळ नीट यायला वर्ष सहज जातं, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

मुंबईत घोड्याला झूल कशाला हा प्रश्न मला कायम विचारला जातो. थंडीसाठी नाहीच. चिलटं आणि माश्यांसाठी जाळीची झूल, पावसाळ्यात तबेल्यापासून रिंगपर्यंत न्यायला रेनशीट, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे काम करून घामेजलेली घोडी गार वाऱ्यात उभी राहू नये म्हणून पातळ कॉटनची. तिन्हींचा गळा वेगळा कापलेला असतो आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी घासतात.

आधी लायक्राच्या शोल्डर गार्डबद्दल. ऑनलाइन मागवला, बाहेरून येणारा, साडेतीन हजारांच्या आसपास पडला. हा म्हणजे छाती, खांदे आणि विदर्स झाकणारा ताणला जाणारा बनियनच, झुलीच्या आत घालायचा, मग झूल त्याच्यावर घसरते आणि केसांवर घसरत नाही. कापड खरंच गुळगुळीत आहे, शिलाई सपाट आहे, आणि खांद्याच्या टोकावरचे केस जे दरवर्षी जायचे ते अजिबात गेले नाहीत, तिथे पूर्ण मार्क. पण आयाळीचं काय? मी घेतलेला डोक्यावरून घालायचा आहे, चेन नाहीये त्याला, त्यामुळे घालताना तो कानांवरून मागे ओढत आणावा लागतो आणि गळ्याचं इलॅस्टिक केस गोळा करत येतं. एकदा घातला की ते इलॅस्टिक मानेच्या मध्यावर बसतं आणि घोडीने गवत खायला मान खाली घातली की तिथेच पुढेमागे होतं, म्हणजे घासायची जागा विदर्सवरून उचलून सहा इंच वर नेऊन ठेवली एवढंच झालं. दुसरी गोष्ट आपली हवा. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चनंतर त्याच्या आत घाम जिरतच नाही, हात घालून बघितलं तर कातडी ओलसर आणि केसांच्या मुळाशी पांढरा कोंडा. घाम वाळला की मीठ उरतं, मीठ खाजवतं, आणि घोडी भिंतीला मान घासायला लागते. थोडक्यात थंडीच्या रात्री आणि तेही चेनवाला असेल तर घ्या, कर्जत-लोणावळ्याकडे ज्यांचे घोडे आहेत त्यांना जास्त उपयोग होईल. मुंबईसाठी माझ्याकडून पाचपैकी अडीच.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. घोडीची देखभाल करणारे आमचे सईस मामा म्हणाले, "ताई, अख्खा बनियन कशाला, जिथे घासतंय तिथेच रेशमी अस्तर लावून घ्या." मंगलदास मार्केटमधून पॉलिस्टरचं जरा जाड सॅटिन घेतलं, शंभर-सव्वाशे रुपये मीटर, आणि करी रोडला एक मास्टर आहेत जे बॅगा आणि ताडपत्र्या शिवतात त्यांच्याकडे झूल घेऊन गेले. ब्लाउजवाल्या टेलरकडे जाऊ नका, जाळीच्या झुलीची कड तीन-चार पदरी असते, साध्या मशीनची सुई तुटते. मास्टरनी झूल टेबलावर पसरली, गळ्याच्या कडेवर आतून अंगठा फिरवला आणि लगेच म्हणाले, "घासणार नाही तर काय होणार, पायपिंगची शिलाई आतल्या बाजूला आहे." मी पण हात फिरवून बघितला, खरंच, नायलॉनच्या दोऱ्याची कडक रेघ, आणि ती बरोब्बर जिथे आयाळ गेली होती तिथेच. झूल चांगल्या नावाजलेल्या दुकानातली होती, एवढे पैसे घेऊन आतून एवढी बोचरी शिलाई सोडतात याचा मला खरंच राग आला.

मास्टरनी ती कड उसवली, गळ्यापासून विदर्सच्या मागे वीतभर जाईल एवढा सॅटिनचा पट्टा लावला, आणि शिलाई सगळी बाहेरच्या बाजूला घेतली. विदर्सच्या वर त्यांनी स्वतःहून दोन छोट्या चुण्या घातल्या, त्यामुळे तिथे थोडा फुगीरपणा आला आणि झूल आता हाडावर ताणून बसत नाही. हे माझ्या डोक्यात पण आलं नव्हतं. मजुरी साडेचारशे. सॅटिन चालतं कारण त्याच्या विणीत धागे लांब मोकळे सोडलेले असतात, पृष्ठभाग सपाट राहतो आणि केस अडकत नाहीत, आणि फक्त पट्टाच असल्यामुळे बाकी जाळीतून हवा खेळती राहते. आखूड केस आता हळूहळू लांब व्हायला लागलेत आणि नवीन तुटलेले दिसत नाहीत, मी रोज खरारा करताना तिथे बोट फिरवून बघते. मास्टरना पाचपैकी पाच. सॅटिनला साडेचार, कारण वेल्क्रो लागलं की लगेच धागे ओढले जातात. वेल्क्रोवाला गळा असेल तर आधी बकल लावून घ्या.

पण नुसतं अस्तर लावून भागणार नाही, माप चुकलं असेल तर सॅटिन पण घासणारच. छातीच्या मध्यापासून मागे पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत टेप धरायची, ती लांबी म्हणजे झुलीचा साइज. विदर्सवर आणि छातीपाशी झुलीच्या आत हात सहज गेला पाहिजे. लहान झाली तर खांद्यावर आवळते, मोठी झाली तर मागे सरकते आणि आयाळीवर लटकते, आणि मला वाटतं आपल्याकडे मोठी घेण्याचं प्रमाण जास्त आहे, "धुतल्यावर आटेल" म्हणून. घालायची पद्धत पण महत्त्वाची, झूल आधी मानेवर पुढे ठेवायची आणि केसांच्या दिशेने मागे सरकवत आणायची, मागे ठेवून पुढे कधीच ओढायची नाही. शेवटी हात घालून आयाळ तिच्या नेहमीच्या बाजूला सपाट करायची, दुमडलेला केस रात्रभर घासला की तुटतोच. आणि खोबरेल तेल प्लीज झुलीखाली लावू नका, अस्तर तेल पितं, धूळ चिकटते आणि मग तोच पट्टा पॉलिश पेपरचं काम करतो.

अजून एक, झुलीला दोष देण्याआधी केस कुठे गेलेत ते नीट बघा. मानेच्या मध्यावर फक्त एक तुकडा गेला असेल तर तबेल्याचा आडवा दांडा बघा, घोडा त्याच्याखालून मान काढून चारा खात असेल. आयाळीबरोबर शेपटीचं मूळ पण खाजवत असेल, खपल्या असतील, कातडी जाड झाली असेल तर ती चिलटांची ॲलर्जी असू शकते. क्युलिकॉइडिस म्हणतात त्या बारीक चिलटांच्या लाळेची ती रिॲक्शन असते, ती पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त चावतात आणि उडण्यात कमजोर असतात, म्हणून तबेल्यात मोठा पंखा लावला तरी फरक पडतो. (पर्मेथ्रिनवाला स्प्रे मारणार असाल तर तबेल्यातल्या मांजरांना लांब ठेवा, त्यांना ते विषारी आहे.) गोल गोल चट्टे असतील तर गजकर्ण असू शकतं, तेव्हा व्हेटना दाखवा आणि तोपर्यंत ती झूल, तो ब्रश दुसऱ्या घोड्याला अजिबात वापरू नका.

मास्टरकडे जायचं असेल तर झूल धुवून, पूर्ण वाळवून न्या, केसांनी भरलेली झूल ते मशीनवर घेत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. धुताना साबण कमी आणि पाणी भरपूर, अस्तरात साबण राहिला तर त्यानेही खाज येते. पावसाळ्याच्या आधी त्यांच्याकडे ताडपत्र्यांची गर्दी असते, त्यामुळे रेनशीटला अस्तर लावायचं असेल तर एप्रिलमध्येच देऊन टाका.